गर्भ, वार आणि आईची प्रतिकारशक्ती: दाबलेली, झोपलेली की कामाला लागलेली?

धागाकर्ती: अनघा_नौपाडा

आपल्या ठाणे-नवी मुंबई विभागात गर्भपाताविषयीच्या एका धाग्यावर अलीकडे एक वाक्य वाचले: "माझी प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजून मारते, म्हणून ती दाबायची औषधे सुरू केली आहेत." दुसऱ्या एका धाग्यावर याच्या नेमके उलट वाक्य होते, की गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी झालेलीच असते, तेव्हा पावसाळ्यात बाहेरचे पाणी पिऊ नये. पाण्याचा सल्ला उत्तम आहे, पण त्यामागचे कारण अर्धवट आहे. आणि पहिल्या वाक्यावर तर काही जणींचे बरेच पैसे खर्च होत आहेत. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे आणि प्रतिकारशास्त्र हा त्यातला माझा आवडता भाग होता, एवढ्याच अधिकाराने हा धागा काढते आहे.

मूळ कोडे असे आहे. गर्भाची निम्मी जनुके वडिलांची असतात, म्हणजे त्याच्या पेशींवरची निम्मी ओळखचिन्हे आईच्या शरीराला परकी असतात. त्याच वडिलांचे मूत्रपिंड आईला बसवले, तर आयुष्यभर औषधे दिल्याशिवाय ते टिकत नाही. गर्भ मात्र नऊ महिने औषधांशिवाय टिकतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला आणि तीन शक्यता सुचवल्या: आई आणि गर्भ यांच्यात शारीरिक अडसर असावा, गर्भाची ओळखचिन्हे अपरिपक्व असावीत, किंवा आईची प्रतिकारयंत्रणा त्या काळात सुस्तावत असावी. प्रतिकारसहिष्णुतेवरील, म्हणजे प्रतिकारयंत्रणा परक्याला कशी सहन करते यावरील, कामासाठी त्यांना १९६० मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु गर्भाविषयीच्या या तीन शक्यतांपैकी पहिली अंशतःच खरी निघाली आणि उरलेल्या दोन टिकल्या नाहीत. माझ्या मते प्रश्न मात्र त्या उत्तरांपेक्षा मोलाचा ठरला.

आईच्या प्रतिकारपेशींची गाठ थेट बाळाशी फारशी पडत नाही, ती वारेशी (प्लेसेंटाशी) पडते. वार गर्भाच्याच पेशींपासून बनलेली असल्यामुळे तीही निम्मी परकीच असते आणि ती दोन आघाड्यांवर आईला भिडते. पहिली आघाडी रक्ताची आहे. वारेच्या झाडाच्या फांद्यांसारख्या असलेल्या अंकुरांभोवती आईचे रक्त प्रत्यक्ष खेळत असते. त्या अंकुरांवरचा बाह्य थर असंख्य पेशी एकमेकींत मिसळून बनलेला एकसंध थर असतो, त्यामुळे दोन पेशींच्या सांध्यातून आत शिरायला आईच्या पांढऱ्या पेशींना सांधाच मिळत नाही. ज्या प्रथिनामुळे या पेशी एकमेकींत मिसळतात, त्या सिन्सिटिन-१ या प्रथिनाचे जनुक फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूचे आहे, हे २००० साली सिद्ध झाले. या थराच्या पृष्ठभागावर एचएलए ही ओळखचिन्हे जवळजवळ नसतातच. टी पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, परक्याला ओळखतात त्या याच चिन्हांवरून. चिन्हच नाही तर ओळख कशी पटणार?

दुसरी आघाडी अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. वारेच्या काही पेशी अंकुर सोडून गर्भाशयाच्या अस्तरात खोलवर शिरतात. त्यांनी ओळखचिन्हे पूर्ण टाकून दिली तर त्या टी पेशींपासून वाचतील, परंतु एनके (नॅचरल किलर, म्हणजे मारक) पेशींच्या तावडीत सापडतील, कारण ओळखपत्र नसलेल्या पेशीवर संशय घेणे हेच एनके पेशींचे काम असते. म्हणून या पेशी एचएलए-ए आणि एचएलए-बी ही माणसामाणसांत फार बदलणारी चिन्हे टाकतात, पण एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी ठेवतात. त्यातले एचएलए-जी सर्व माणसांत जवळपास सारखेच असते आणि शरीरात मुख्यतः वारेच्या याच पेशींवर दिसते. आईच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टरना) ते जोडले गेले की त्या पेशी मारक काम थांबवतात.

पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी एनके प्रकारच्या असतात. आईची यंत्रणा सुस्तावलेली असती तर ही गर्दी तिथे जमलीच नसती. या पेशी मारण्याऐवजी रक्तवाहिन्या घडवणारी रसायने सोडतात आणि वारेच्या घुसखोर पेशींच्या बरोबरीने गर्भाशयाच्या वळणदार धमन्या रुंद करण्यास हातभार लावतात. गर्भारपण अखेरीस येते तेव्हा मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गर्भाशयाकडे जात असते, आणि त्याची पायाभरणी या पेशींच्या सहभागाने झालेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही सहिष्णुता दुर्बलतेतून येत नाही. वार ती त्या जागेपुरती घडवून आणते आणि आईच्या पेशी त्यात भागीदार असतात. नियामक टी पेशींचा विषय जाणकारांनी पुढे न्यावा, ही विनंती.

खारघर_प्रयोगशाळा

अनघाताई, धागा आवडला. माझे काम कर्करोगाच्या पेशींवर चालते आणि तुम्ही मांडलेली यादी वाचताना मला आमच्याच विषयाची उजळणी होत असल्यासारखे वाटले. एचएलए चिन्हे लपवणे, पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून टी पेशींना थोपवणे, आयडीओ या विकराने (एन्झाइमने) परिसरातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवून टी पेशींची वाढ रोखणे, या सगळ्या युक्त्या अनेक गाठी वापरतात आणि वारही वापरते. फरक असा की वार ठरलेल्या खोलीपर्यंतच घुसते आणि ठरलेल्या वेळी सुटून येते. घुसखोरीची मर्यादा सुटली, तर वार गर्भाशयाला चिकटून बसण्याचा गंभीर प्रकार उद्भवतो, आणि आधीच्या सिझेरियनचा व्रण हे त्याचे एक मोठे कारण आहे. परंतु तो वेगळ्या धाग्याचा विषय होईल.

आयडीओची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. १९९८ मध्ये डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांच्या गटाने गाभण उंदरांना हे विकर रोखणारे औषध दिले. वेगळ्या वंशाच्या नरापासून राहिलेले गर्भ नष्ट झाले, त्याच वंशाच्या नरापासून राहिलेले मात्र टिकले. कोडे सुटले असे अनेकांना वाटले. पुढे ज्या उंदरांत हे विकर जन्मतःच नाही, त्यांचीही गर्भारपणे सुरळीत पार पडतात असे दिसले. म्हणजे एक दार बंद झाले तर दुसरी व्यवस्था काम भागवते. ज्या क्रियेवर सस्तन प्राण्यांचे टिकणेच अवलंबून आहे, ती एकाच रेणूवर सोपवलेली नसावी हे मला पटते. आणि म्हणूनच "अमुक एक घटक वाढवा, गर्भ टिकेल" असे सांगणाऱ्या जाहिरातींविषयी मी साशंक असतो.

आता नियामक टी पेशी. इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. त्यांच्यासह मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. या पेशी काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांत वेगळ्या वंशाच्या नरापासून राहिलेला गर्भ टिकत नाही, हे २००४ मध्ये दिसून आले. त्याहून रंजक गोष्ट अशी की या पेशींचे मुख्य जनुक असलेल्या फॉक्सपी३ जवळचा एक नियंत्रक तुकडा केवळ वार असलेल्या सस्तन प्राण्यांतच आढळतो. अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने २०१२ मध्ये तो तुकडा उंदरांतून काढला, तेव्हा परक्या नरापासून राहिलेले गर्भ अधिक प्रमाणात शोषले गेले. वार आणि तिला सांभाळणारी टी पेशींची व्यवस्था उत्क्रांतीत हातात हात घालून आल्या असाव्यात, असा अर्थ त्यातून निघतो.

रक्तपेढी_ठाणेकर

आईची यंत्रणा वडिलांची चिन्हे ओळखत नाही, हा समज रक्तपेढीत काम करणाऱ्या कोणाचाही राहत नाही. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात परक्या एचएलए चिन्हांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, हे रोझ पेन आणि यॉन फान रोड यांनी १९५८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. पुढे बराच काळ अवयवरोपणापूर्वीच्या ऊतिजुळणीसाठी अशाच मातांच्या रक्तातील द्रव वापरला जाई. आजही जगातील कित्येक रक्तपेढ्या रुग्णांना देण्याचा प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांकडून घेतात, कारण मातांच्या प्लाझ्मातील या प्रतिपिंडांमुळे रुग्णाच्या फुप्फुसांना क्वचित गंभीर इजा होऊ शकते. ही प्रतिपिंडे आईच्या रक्तात असूनही तिचे बाळ सुखरूप असते, हे विशेष.

आरएच निगेटिव्ह आईचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात शिरल्या तर ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि पुढच्या गरोदरपणात ती वारेतून पार होऊन त्या बाळाच्या लाल पेशी फोडतात. म्हणून २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी दिले जाते. यंत्रणा झोपलेली असती तर या इंजेक्शनची गरजच पडली नसती. गर्भपातानंतरही ते लागू शकते, आणि नेमके तेव्हाच ते विसरले जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आपला रक्तगट निगेटिव्ह असल्यास स्वतःहून विचारावे.

श्रुती_ऐरोली

सर्वांचे आभार. माझे दोन गर्भपात झाले आहेत, दोन्ही तिसऱ्या महिन्याच्या आत. एका ठिकाणी हाताच्या शिरेतून रक्त घेऊन एनके पेशींची तपासणी केली आणि प्रमाण जास्त आहे असे सांगितले. उपाय म्हणून यजमानांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून मला टोचण्याचा उपचार सुचवला आहे. अनघाताईंनी लिहिल्याप्रमाणे एनके पेशी जर मदत करत असतील, तर त्या वाढल्या म्हणून घाबरावे का? आणि पतीच्या पेशी टोचल्याने सहिष्णुता येते, हे खरे आहे का?

अनघा_नौपाडा

श्रुती, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. तुमच्या अहवालावर मी मत देणार नाही, परंतु तुमच्या दोन प्रश्नांमागचे शास्त्र सांगते.

हाताच्या रक्तातील एनके पेशी आणि गर्भाशयाच्या अस्तरातील एनके पेशी यांचे नाव एक असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा असतो. रक्तातील बहुतेक एनके पेशी मारण्यात तरबेज असतात आणि त्यांच्यावर सीडी१६ हे चिन्ह असते. अस्तरातील पेशींवर सीडी५६ भरपूर असते, सीडी१६ नसते आणि त्यांचे मारक सामर्थ्य कमी असते. रक्तातले प्रमाण ताण, व्यायाम, संसर्ग, इतकेच काय, रक्त काढण्याची वेळ यांनुसारही बदलते. तेव्हा दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाशयात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे शास्त्राला धरून नाही.

पतीच्या पेशींच्या उपचारामागची कल्पना १९८० च्या दशकात लोकप्रिय झाली. आईने वडिलांची चिन्हे पुरेशी ओळखली नाहीत म्हणून तिच्यात संरक्षक प्रतिपिंडे तयार होत नाहीत, असे तेव्हा मानले जाई. तर्क आकर्षक होता. १९९९ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या स्त्रियांपैकी ३६ टक्क्यांची, तर केवळ सलाइन टोचलेल्यांपैकी ४८ टक्क्यांची गर्भारपणे यशस्वी ठरली. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हा उपचार मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर देऊ नये असे कळवले, आणि वारंवार गर्भपातांविषयीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही त्याची शिफारस करत नाहीत. यात दुसऱ्याच्या जिवंत पेशी शरीरात जातात. त्यांतून संसर्गाचा धोका असतो, शिवाय रक्तपेढी_ठाणेकरांनी सांगितलेली प्रतिपिंडे तयार होण्याचाही. सलाइन मिळालेल्यांतल्या जवळपास निम्म्या जणी काही विशेष न करता आई झाल्या, हा आकडा मला त्या चाचणीतला सर्वांत बोलका वाटतो, कारण असे उपचार "यशस्वी" का भासतात हे त्यातून कळते.

नेरूळची_स्त्रीरोगतज्ज्ञ

अनघाताईंशी मी सहमत आहे. थोडी भर घालते. पहिल्या तिमाहीतील गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो. तिथे आईच्या प्रतिकारशक्तीचा संबंध नसतो. शक्य असल्यास गर्भपातातील ऊतींची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी, कारण तिचे उत्तर नुसत्या तर्कांपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

प्रतिकारयंत्रणेमुळे वारंवार गर्भपात होण्याचे एक सिद्ध कारण आहे, ते म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार. त्याच्या रक्तचाचण्या ठरलेल्या आहेत, त्या किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा सकारात्मक याव्या लागतात आणि ॲस्पिरिन व हेपॅरिन या उपचारांनी लाभ होतो. श्रुती, थायरॉइड, गर्भाशयाची रचना आणि या चाचण्या तुमच्या बाबतीत झाल्या आहेत का, हे आधी विचारा. सगळी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, हे वेगळे सांगायला नको.

एनके पेशी कमी उत्साही असल्या तर काय होते, हे पूर्वाक्षेपात, म्हणजे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या गंभीर विकारात, दिसते. गर्भाकडून आलेले एचएलए-सीचे दोन प्रकार असतात आणि आईच्या एनके पेशींवरील केआयआर ग्राहकांचेही प्रकार असतात. केंब्रिजमधील अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की एनके पेशींना फार आवरून धरणाऱ्या ग्राहकांचा संच असलेल्या आईला सी२ प्रकारचा गर्भ असेल, तर पूर्वाक्षेपाचा धोका वाढतो. पेशी पुरेशा जाग्या झाल्या नाहीत की धमन्या नीट रुंदावत नाहीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. अशा वेळी प्रतिकारशक्ती आणखी दाबण्यात शहाणपण कोणते?

किरण_घोडबंदर

एक शंका. सरोगसीत तर गर्भ पूर्णच परका असतो, निम्मा नव्हे. आणि पुण्यात गर्भाशयरोपणानंतर २०१८ मध्ये बाळ जन्मले, तेही हेच सिद्ध करत नाही का, की गर्भ काहीही असला तरी चालतो?

अनघा_नौपाडा

किरण, पहिले उदाहरण बरोबर आहे, दुसरे या मुद्द्यासाठी वापरता येणार नाही. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये आईचे गर्भाशय मुलीला बसवण्यात आले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बाळ जन्मले. परंतु रोपण केलेले गर्भाशय नाकारले जाऊ नये म्हणून अशा स्त्रियांना गरोदरपणातही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालूच असतात. त्यामुळे गर्भ वारेमुळे टिकला की औषधांचाही हातभार लागला, हे वेगळे करता येत नाही.

सरोगसी आणि दात्रीच्या स्त्रीबीजापासून राहिलेली गर्भारपणे हे मात्र निखळ उदाहरण आहे. तिथे एकही ओळखचिन्ह आईशी जुळायलाच हवे असे नसते, तरी बहुतेक गर्भारपणे पार पडतात. "काहीही चालते" असे मात्र म्हणवत नाही, कारण दात्रीच्या स्त्रीबीजापासून राहिलेल्या गर्भारपणांत पूर्वाक्षेपाचे प्रमाण अधिक आढळते. परकेपणाचा भार वाढला की व्यवस्थेवरचा ताणही वाढतो.

सीवूड्सचा_वाचक

मग पावसाळ्यातल्या पाण्याचे काय? गरोदर स्त्रियांना काही आजार जास्त जडतात हे तर खरे आहे ना?

नेरूळची_स्त्रीरोगतज्ज्ञ

खरे आहे, पण सरसकट नाही. हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा आजार एरवी आपोआप बरा होतो. तिसऱ्या तिमाहीत मात्र तो झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इन्फ्लुएंझाही गरोदरपणात तीव्र होतो, यात फुप्फुसांवर येणाऱ्या ताणाचाही वाटा असतो. उलट सर्दीपासून जखम भरण्यापर्यंतच्या रोजच्या लढाया आई नेहमीसारख्याच लढते आणि लसींना तिचे शरीर चांगला प्रतिसाद देते.

फॅल्सिपेरम मलेरियाचे उदाहरण मला सर्वांत शिकवणारे वाटते. मलेरियाग्रस्त भागात लहानपणापासून राहून प्रतिकारशक्ती मिळवलेल्या स्त्रीला पहिल्या गरोदरपणात तो पुन्हा गंभीरपणे होऊ शकतो. तिची यंत्रणा दुबळी झालेली नसते. वारेच्या पृष्ठभागावर कोंड्रॉयटिन सल्फेट-ए हा पदार्थ असतो, आणि त्याला चिकटणारे प्रथिन धारण करणाऱ्या परजीवींना दबा धरायला नवी जागा मिळते. पुढच्या गरोदरपणांत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि धोका घटतो.

लसींविषयी एक वाक्य. वार आईची आयजीजी प्रतिपिंडे एफसीआरएन या ग्राहकाच्या साह्याने स्वतःहून बाळाकडे नेते. हे काम शेवटच्या तिमाहीत सर्वाधिक चालते आणि पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांचे प्रमाण अनेकदा आईपेक्षाही जास्त असते. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान सुचवली जाते, ती याच हिशेबाने.

श्रुती_ऐरोली

एक शेवटचा प्रश्न. माझ्या नणंदेला संधिवात आहे. गरोदरपणात तो खूप कमी झाला आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उसळला. याचा वारेशी संबंध आहे का?

खारघर_प्रयोगशाळा

आहे, असे मानायला चांगला आधार आहे. फिलिप हेंच यांनी १९३० च्या दशकात ऱ्हूमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांत गरोदरपणी पडणारा हा उतार नोंदवला, त्यामागे शरीरातलेच एखादे द्रव्य असावे असा तर्क केला आणि त्या शोधातून पुढे कॉर्टिसोनपर्यंत पोहोचून १९५० चे नोबेल मिळवले. कॉर्टिसोनने संपूर्ण उत्तर मिळाले नाही. वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन, वाढलेल्या नियामक टी पेशी आणि वारेने आईच्या रक्तात सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या यांचा एकत्रित परिणाम आता मानला जातो. वार पडली की हे सगळे काही दिवसांत ओसरते. ल्युपस हा स्वयंप्रतिकार विकार मात्र या नियमात बसत नाही, तो गरोदरपणात भडकूही शकतो, कारण त्यात प्रतिपिंडांचा भाग मोठा असतो आणि गरोदरपणात प्रतिपिंडांची बाजू दाबली जात नाही.

उंदरांवरील २०१२ च्या एका अभ्यासात गर्भाची चिन्हे ओळखणाऱ्या नियामक टी पेशी प्रसूतीनंतरही टिकून राहतात आणि त्याच नरापासून पुढचा गर्भ राहिला की झपाट्याने वाढतात असे दिसले. पूर्वाक्षेप पहिल्या गरोदरपणात अधिक का होतो, याचे स्पष्टीकरण देताना या स्मृतीचा आधार घेतला जातो. तुमच्या नणंदेने बाळंतपणानंतरच्या भडक्यासाठी स्तनपानात चालणाऱ्या औषधांविषयी संधिवाततज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवायला हवे होते. पुढच्या खेपेला सातव्या-आठव्या महिन्यातच ती भेट ठरवून घ्यावी.